कोंडिबाच्या सत्तावीस हजार शेळ्या

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून शेळ्या फक्त शंभर, असं इंद्रजितच्या अहवालात लिहिलं होतं. मंगलताई शिवतऱ्यांनी तो कागद आधी चष्म्यातून वाचला, मग चष्म्यावरून वाचला आणि शेवटी टेबलावर पालथा घातला.

"इंद्रजित, विंझरच्या रस्त्यानं कधी संध्याकाळचा गेलायस?"

"गेलोय की ताई."

"एका वळणावर गाडीपुढं किती शेळ्या आडव्या येतात?"

इंद्रजितनं डोळ्यांपुढं वळण आणलं. "शंभरेक येत असतील."

"म्हणजे पहिल्या वळणावरच तुझा अहवाल संपला."

इंद्रजित खुटवडला वाद घालता येईना, कारण वळण खरं होतं आणि कागदही त्यानंच छापला होता. ताईंची संस्था शेळ्यामेंढ्यांना लस टोचायचं काम करी. पावसाळ्याआधी आंत्रविषार या पोटाच्या जीवघेण्या रोगाची लस वाड्यावस्त्यांवर जाऊन दिली होती, प्रत्येक शेळीच्या कानात नंबराचा बिल्ला मारला होता आणि टोचणाऱ्यांनी तिथल्या तिथं मोबाईलवर नोंद केली होती. नोंदी जाऊन बसायच्या पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर. तिथून त्या मागवून अहवाल करायचा, एवढं इंद्रजितचं काम. भोरच्याच कॉलेजात तो कॉम्प्युटर शिकला होता. ऑफिसात प्रिंटर अडकला, ताईंच्या मोबाईलचा आवाज गेला किंवा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, की हाक त्यालाच. त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा त्याचाही हळूहळू समज झाला होता.

त्यानं पुण्याला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही एकच पान मागवलंय. आमचा सर्व्हर एका वेळी शंभरच नोंदी देतो. पुढचं पान तुम्ही मागायचं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं."

"मला वाटलं, मागितल्यावर सगळं देतो."

"नाही सर. लोड येतो."

इंद्रजितनं कागद पुन्हा पाहिला. शंभरच्या शंभर शेळ्या कामथडीच्या होत्या. लस द्यायला सुरुवात कामथडीपासून झाली होती, तेव्हा पहिल्या पानावर कामथडीच असणार. तो ताईंना म्हणाला, "दुपारपर्यंत सगळ्या शेळ्या आणतो." ताई म्हणाल्या, "आण, पण इथं माडीवर नको. खाली भांड्यांचं दुकान आहे."

त्यानं प्रोग्राम दुरुस्त केला. पुढचं पान मागायचं, आलेल्या नोंदी खाली जोडायच्या, पुन्हा पुढचं मागायचं आणि पान रिकामं आलं की थांबायचं. लिहून झाल्यावर त्याला तो इतका आवडला की त्यानं तो दोनदा वाचला. मग बटण दाबलं आणि डबा खायला गेला.

जेवून आला तरी प्रोग्राम चालूच होता. चहा पिऊन आला तरी चालूच. नोंदी भराभरा वाढत होत्या. इंद्रजितला कौतुक वाटलं. केवढं काम केलंय आपल्या माणसांनी! चार वाजायच्या सुमाराला बाजारपेठेतली वीज गेली, इंटरनेटचा डबा विझला आणि प्रोग्राम दम लागल्यासारखा थांबला. त्यानं तोवर गोळा केलेलं सगळं मांडून अहवालही तयार करून ठेवला होता. एकूण शेळ्या, तेहतीस हजारांच्या वर.

ताई खुर्चीतून उठल्या. "आता कसं!"

आकडा कमी आला की माणसं चौकशी करतात, जास्त आला की अभिनंदन करतात. ताईंनी चौकशी केली नाही. संस्थेला लस फुकट देणाऱ्या मुंबईच्या कंपनीकडं अहवाल त्याच संध्याकाळी गेला. त्यात 'सर्वाधिक शेळ्या असलेले पशुपालक' असा एक रकाना होता. तो प्रोग्रामनं आपणहून भरला होता: कोंडिबा ढेबे, पठारावरची वस्ती, वेल्हे.

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या सोनिया मॅडमचा फोन आला. अहवाल पाहून त्या थक्क झाल्या होत्या. बोलायचंही होतं थोडं, म्हणून त्या स्वतःच येणार होत्या. आणि आल्यासारखं त्या कोंडिबा ढेब्यांचा त्यांच्या दारात जाऊन सत्कार करू, असंही म्हणाल्या.

"शाल-श्रीफळ आणते," ताई म्हणाल्या. "इंद्रजित, तू मानपत्र लिही. शेळ्या किती, ते घाल त्यात. तसं वजन येतं."

तिकडं वस्तीवर निरोपही गेला, अहवालात कोंडिबाच्या नावापुढं छापलेल्या आकड्यासकट.

मानपत्र लिहायला इंद्रजित बसला तो थेट सत्काराच्या दिवशी सकाळी. ताई तोवर सोनिया मॅडमना गाठायला महामार्गाकडं गेल्याही होत्या. 'श्री. कोंडिबा ढेबे यांनी अपार कष्टाने' इथवर लिहून त्यानं आकड्यासाठी तक्ता उघडला. कोंडिबाच्या नावावर सत्तावीस हजार शेळ्या होत्या.

त्याचं पेन थांबलं. एवढ्या शेळ्या एका माणसाच्या मागं निघाल्या, तर पहिली वेल्ह्यात पोचेल तेव्हा शेवटची विंझरमध्ये असेल. त्यानं कानातल्या बिल्ल्यांचे नंबर पाहिले. अकरा नंबर होते. त्यांच्या खाली पुन्हा तेच अकरा. त्यांच्या खाली पुन्हा तेच. तो सरकवत गेला, सरकवत गेला, आणि बोट दुखायला लागलं तरी तेच अकरा.

त्यानं पुण्याला फोन केला.

"शेवटचं पान संपल्यावर पुढचं मागितलं, तर तुमचा सर्व्हर काय देतो हो?"

"शेवटचंच पान परत देतो सर."

"रिकामं नाही देत?"

"नाही सर. आणि एकूण नोंदी किती, ते प्रत्येक पानाबरोबर खाली लिहून येतं की. बघितलं नाही का?"

इंद्रजितनं बघितलं नव्हतं. शेवटच्या पानावर एकट्या कोंडिबाच्या अकरा शेळ्या उरल्या होत्या, कारण लस सगळ्यांत शेवटी त्याच्या वस्तीवर पोचली होती. आणि वीज जाईपर्यंत प्रोग्राम त्या पुन्हापुन्हा मागत राहिला होता. खालचा आकडा पाहून थांबायचं आणि एक बिल्ला एकदाच धरायचा, एवढी दुरुस्ती त्यानं केली. प्रोग्राम चहा उकळायच्या आत संपला. खऱ्या शेळ्या सहा हजार चारशे अकरा.

त्यानं ताईंना फोन लावला.

"ताई, मोठा घोटाळा झालाय. आकडा चुकलाय."

"हो का? वा!" ताई गोड आवाजात म्हणाल्या.

"ताई, कोंडिबाच्या सत्तावीस हजार नाहीत. अकरा आहेत. अकराच!"

"छान, छान. सोनिया मॅडम माझ्या शेजारीच बसल्यात. आम्ही नाश्ता करून निघतोच."

"ताई, ऐकलंत का तुम्ही?"

"ऐकलं तर!" ताई म्हणाल्या. शेवटचा 'तर' एवढा दातांतून आला, की इंद्रजितला कळलं, त्यांनी नीट ऐकलंय.

त्यांच्याआधी वस्तीवर पोचणं एवढंच हातात होतं. ड्रायव्हर बंडूला त्यानं जीप काढायला लावली. चूक आपली आहे, मॅडमना आपणच सांगायची, हे त्यानं भोर सोडतानाच ठरवलं. पण भर सत्कारात त्या म्हाताऱ्याची फजिती व्हायला नको, त्याला तरी आधी सांगितलं पाहिजे. वाटेत त्यानं बंडूला सगळं सांगितलं.

विंझर आलं तेव्हा बंडू म्हणाला, "आता मला उलगडलं. काल वेल्ह्यात चहाच्या टपरीवर लोक बोलत हुते. म्हणं, पठारावर कुणा ढेब्याकडं इतक्या शेळ्या घावल्या, की मोजायला मशीन आणावं लागलं. एक व्यापारी तर दोन टेम्पो घिऊन वर गेलाय."

"टेम्पो?"

"दोन. तिसरा सांगून ठिवलाय."

जीप जिथवर चढली तिथवर चढली. रस्ता संपला तिथं ते दोन रिकामे टेम्पो उभे होते. त्यांच्या सावलीत व्यापारी झोपला होता. पुढं थोडं चालत वर गेल्यावर, वस्तीच्या अलीकडं एका दगडावर, घराकडं पाठ करून एक म्हातारा बसला होता. त्याची टोपी गुडघ्यावर होती.

"कोंडिबामामा?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "तुमीच का ते शेळ्या वाढिवणारं?"

"चूक झाली मामा. मॅडम यायच्या आत तुम्हाला सांगायला आलोय."

"मला नगा सांगू. माझं मला ठावं हाय." त्यानं टोपीनं घराकडं खूण केली. "तिला सांगा. निरोप आल्यापास्नं ती माझ्याशी धड बोलंना. भाकरी देती, पर कोरडी. कालवण मागितलं, तर म्हणती, जिथं बाकीच्या शेळ्या हायेत तिथं जाऊन खा."

इंद्रजितला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तो तडक घराकडं निघाला.

सगुणाबाई दारात बसल्या होत्या. गोऱ्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. पाहुणा पाहून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, पण बोलणं कोंडिबाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं काढलं.

"या सायेब. तुमी शिकल्याली मान्सं. तुमीच सांगा. हितं दावणीला अकरा हायेत. म्या रोज पाणी पाजती, मला ठाव न्हाई व्हय? मंग सरकारी मशीन म्हणतंय सत्तावीस हजार. बाकीच्या कुणाच्या दारात हायेत?"

"मावशी, कुठंच नाहीत."

"मशीन खोटं बोलतं?"

"मशीन खोटं बोलत नाही, पण..."

"मंग हे खोटं बोलत्यात," त्या म्हणाल्या. "म्हैन्यातनं दोन बाऱ्या ह्यांचा बाजार आसतो वेल्ह्याला. एक रात मुक्काम. आता समजलं मला, कसला बाजार त्यो. दुसरं बिऱ्हाड केलंय ह्यांनी. आन् माझ्या अकरा म्हाताऱ्या शेळ्या, आन् तिला सत्तावीस हजार!"

दगडावरून कोंडिबाचा आवाज आला. "अगं, सत्तावीस हजार शेळ्या आसत्या, तर म्या हितं तुझं बोलणं खात बसलू आसतो व्हय?"

हे वाक्य बोलायला नको होतं. सगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

इंद्रजितनं सर्व्हर सांगून पाहिला, पान सांगून पाहिलं. कागदावर चौकोन काढून दाखवले. सगुणाबाई प्रत्येक चौकोनाला "व्हय" म्हणत आणि शेवटी विचारत, "पर शेळ्या कुठं हायेत?" घामाघूम झाल्यावर त्याची नजर दावणीकडं गेली.

"मावशी, तुम्ही इथंच दारात बसा. मामा, शेळ्या सोडा."

कोंडिबानं शेळ्या सोडल्या. हातात उंबराच्या पाल्याची डहाळी घेऊन त्यानं पुढं चालायचं, शेळ्यांनी मागं यायचं, बंडूनं त्यांना हाकायचं आणि सगळ्यांनी मिळून घराला फेरा घालायचा, असं ठरलं. इंद्रजित दाराशी उभा राहून मोठ्यानं मोजू लागला. अकरा शेळ्या दारावरून गेल्या. घराला वळसा घालून परत आल्या. इंद्रजित म्हणाला, "बारा, तेरा, चौदा..."

"आवं, ही बिनशिंगाची मुंडी शेळी मगाशीच गेली की!" सगुणाबाई ओरडल्या.

"तेच तर मावशी! माझ्या मशीनला ती मुंडी ओळखता आली नाही. दर खेपेला त्याला वाटलं, नवी शेळी आली."

सगुणाबाई पाहत राहिल्या. मुंडी तिसऱ्यांदा आली. "ही काळी बी मगाचीच. पुन्यांदा चालवा वं, मला नीट बघू द्या." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत होता, म्हणून कुणी थांबेना. शेळ्यांनाही डहाळी सोडवेना. कोंडिबा तर बायकोच्या तोंडाकडं बघत पोरासारखा पळू लागला होता. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस.

याच वेळी खालच्या पायवाटेवरून सोनिया मॅडम आणि मंगलताई चढून आल्या. त्या बाजूनं घराचा एकच कोपरा दिसत होता. त्या कोपऱ्यातून शेळ्या निघत होत्या, निघत होत्या आणि पलीकडं गडप होत होत्या.

"बाप रे!" सोनिया मॅडम जागच्या जागी थांबल्या. "मंगलताई, या संपतच नाहीत!"

त्यांनी मोबाईल काढून चित्रीकरण सुरू केलं. खाली व्यापाऱ्याचीही झोप उडाली, तो उठून टेम्पोचं मागचं फाळकं पाडू लागला. मंगलताईंनी मॅडमच्या खांद्यावरून इंद्रजितकडं पाहिलं. असं पाहणं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

कोंडिबा दम लागून थांबला, तशा शेळ्या थांबल्या. उघड्यावर सगळ्या मिळून अकरा.

"बाकीच्या?" सोनिया मॅडमनी विचारलं.

इंद्रजित पुढं झाला. पळून जावं असं वाटत होतं, पण वाट एकच होती आणि तिच्यावर ताई उभ्या होत्या. "बाकीच्या नाहीत, मॅडम. चूक माझी आहे. शेवटचं पान पुन्हापुन्हा येत राहिलं आणि मी ते पुन्हापुन्हा मोजत राहिलो. ताईंचा दोष नाही, मामांचा तर नाहीच. दोन्ही तालुक्यांत मिळून टोचलेल्या शेळ्या सहा हजार चारशे अकरा."

सोनिया मॅडम कोंडिबाच्या दगडावर बसल्या.

"परत सांगा."

"सहा हजार चारशे अकरा. यावेळी तीनदा तपासलंय."

मॅडमनी छातीवर हात ठेवला आणि हसायला सुरुवात केली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, अहवाल आल्यापासून मी नुसते डोसच मोजतेय! पुढच्या खेपेला कंपनीनं आठ हजार डोस मंजूर केलेत. आठ! तुमचे तेहतीस हजार बघून मला घाम फुटला. एवढं काम केलेल्या माणसांना फोनवर नाही कसं म्हणायचं, म्हणून मी स्वतः आले. गाडीत सकाळपासून मंगलताई बोलतं करतायत आणि मला धीर होत नाहीये."

"आणि मला वाटलं, तुम्हाला गाडी लागली," मंगलताई म्हणाल्या. त्यांनीही एक दगड पाहिला आणि त्यावर बसून घेतलं. "म्हणजे डोस पुरतील?"

"उरतील!"

ताईंनी एवढा मोठा श्वास सोडला, की जवळची शेळी दचकून बाजूला झाली. मग त्या इंद्रजितकडं वळल्या. त्यानं खांदे पाडले. ताई म्हणाल्या, "तुला ऑफिसात बघते," पण ते म्हणताना त्यांना हसू आवरलं नाही, तेव्हा इंद्रजितनंही खांदे पुन्हा वर घेतले.

शाल परत न्यायची नाही, असं सोनिया मॅडमनी ठरवलं. कोंडिबा संकोचला. "अकरा शेळ्यांला कोण शाल देतं, मॅडम?"

"घ्या की," सगुणाबाई दारातून म्हणाल्या. निरोप आल्यापासून त्या नवऱ्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होत्या. "फुकटचा सत्तावीस हजारांचा बोजा वागिवलासा. थकला आसाल."

टाळ्या वाजल्या. वर आलेल्या व्यापाऱ्यानंही वाजवल्या आणि आता डिझेलचं कोण बघणार, असं कुणाला विचारावं याचा विचार करत तो टेम्पो वळवायला खाली गेला.

मग सगुणाबाईंनी कुणाला जाऊ दिलं नाही. घरात सारवलेल्या जमिनीवर पंगत बसली. भाकरी, वरण, लाल मिरचीचा ठेचा आणि घट्ट दही. कोंडिबा नवी शाल खांद्यावर घेऊन पहिल्या ताटावर बसला. कालवण दिसताच त्यानं डोळे मिटले. सगुणाबाई वाढता वाढता इंद्रजितपाशी आल्या. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता.

"सायेब, आता मशीन नीट झालं न्हवं?"

"झालं मावशी. आता एक शेळी एकदाच. आणि एकही सुटलेली नाही. दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या आल्यात."

"समद्या?"

"सगळ्या."

सगुणाबाईंच्या हातातली पळी थांबली. "म्हंजी माझ्या विंझरच्या बी?"

इंद्रजितनं वर पाहिलं. बंडूनं वर पाहिलं. कोंडिबानं डोळे उघडले.

"विंझरच्या कंच्या?" त्यानं विचारलं.

सगुणाबाईंनी पदर नीट केला, चुलीकडं पाहिलं, छपराकडं पाहिलं.

"माझ्या भावाकडं हायेत चार," त्या शेवटी म्हणाल्या. "अर्धलीनं दिल्यात, हुणारी करडं निम्मी त्येची, निम्मी माझी. हितल्या करडांतल्याच हुत्या. तुमास्नी सांगणारच हुते म्या."

"कवा दिल्यास?"

"सांगणारच हुते."

कोंडिबानं खांद्यावरची शाल सावकाश सारखी केली. तो रागावला असता, तर सगळ्यांना तिथून उठावं लागलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या चेहऱ्यावर एवढं समाधान आलं होतं, की सोनिया मॅडमनी घास तसाच हातात धरला. त्यानं आपलं ताट पुढं सरकवलं.

"तूप आण," तो म्हणाला.

सगुणाबाई मुकाट्यानं उठल्या आणि वरच्या फळीवरून तुपाची बरणी घेऊन आल्या. कोंडिबा बास म्हणेपर्यंत वाढायचं, एवढंच आता त्यांच्या हातात होतं, आणि कोंडिबाला बास म्हणायची काही घाई नव्हती.